काळी पापडी

“सर, हा धूर कसला? मला वाटलं, कुणाची गंजीच पेटली.”

अंगणवाडीच्या बाई फाटकात उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. डिसेंबरात इथे ऊन वर येईपर्यंत धूर उठत नाही, जमिनीलगत रेंगाळत राहतो. माझ्या खोलीमागचा धूर त्यांच्या ओट्यापर्यंत पोचला होता, आणि ओट्यावर त्यांची आई सकाळची उन्हाला बसलेली असते.

मी आदल्या संध्याकाळी वसईहून परतलो होतो, मनोर-विक्रमगडच्या रस्त्याने, मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून. डब्यात डुकराच्या बरगड्यांच्या दोन अख्ख्या फळ्या. आम्ही वसईचे ख्रिस्ती. पोर्तुगिजांच्या हाती वसई १५३४ साली आली आणि १७३९ साली गेली, पण आमच्या नाताळाच्या ताटातलं पोर्क गेलं नाही. घरी त्याचं इंद्याल होतं, सोरपोतेल होतं, दोन्ही सिरक्यात मुरलेली. बरगड्यांना मात्र वेगळा मान नाही, त्या रश्शात जातात. त्या धुरावर शिजवायच्या हे मी मावसभावाकडून शिकलो. तो जहाजावर स्वयंपाकी होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत उतरून खाऊन आला आणि घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा अंगणात पिंप आडवं कापलं. माझं पिंप त्याच्याच हातचं, दोनशे लिटरचं, आधी आतून चांगलं जाळून घेतलेलं.

“स्वयंपाक चाललाय, बाई. या, बघा.”

त्या आल्या, पण चार हात लांब थांबल्या. मी झाकण उचललं. पिंपाच्या एका टोकाला कोळसा, दुसऱ्या टोकाला जाळीवर मांस, मध्ये पाण्याचं पातेलं. कोळशावर आंब्याच्या वाळक्या ढलप्या. मांसाच्या खाली आच नाही, बाजूने येणारी धग आणि धूर एवढंच. झाकणात तापमापक बसवलेला आहे, तो ११० अंशांच्या आसपास ठेवायचा. फळीच्या मागच्या बाजूचा पातळ पडदा काढून टाकायचा, नाहीतर मसाला आत जात नाही. मसाला आमच्या घरचा, बॉटल मसाला, पावसाळ्यापूर्वी कुटून बाटल्यांत ठासलेला, आणि वर मीठ.

“आणि किती वेळ?”

“आठला ठेवलंय. दोन वाजतील.”

“सहा तास? बोकडाचं मटण दीड तासात होतं, सर.”

ते होतं, आणि हे का होत नाही याचं कारण मला फार आवडतं, म्हणून मी ते त्यांना सांगितलं. बरगड्यांमधलं मांस म्हणजे श्वासाचे स्नायू. जनावर जगतं तितका वेळ, झोपेतसुद्धा, ते हलत असतात. म्हणून ते चिवट. त्यातले बांधून ठेवणारे धागे सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू सुटतात आणि त्यांचा चिक होतो, पायाच्या रश्शाला जो चिकटपणा येतो तोच. मोठ्या आचेवर घाई केली तर धागे सुटायच्या आत पाणी निघून जातं आणि हातात दोरखंड उरतो. कमी आच आणि वेळ, याला दुसरा उपाय नाही.

बाईंचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतं. त्या धुराकडे बघत होत्या.

“लाकूड अर्धं ओलं आहे तुमचं. पांढरा धूर येतोय. आणि खालचं भोक बुजलंय राखेने, विस्तवाला वारा कुठून मिळणार? ते मोकळं करा आधी.”

मी सळईने राख सारली, दोन ढलप्या काढून टाकल्या. पाच मिनिटांत धूर विरळ झाला, निळसर, जवळजवळ न दिसणारा. मावसभावाने मला हे फोनवर तीनदा सांगितलं होतं. पांढरा दाट धूर म्हणजे नीट न जळलेलं लाकूड, त्याची कडू काजळी मांसावर बसते. पातळ निळा धूर हवा. मला ते ऐकून माहीत होतं आणि बाईंना फाटकातून दिसलं होतं.

“तुम्हाला धुरातलं इतकं कळतं,” मी म्हणालो, “मग एवढा राग का?”

त्या ओंडक्यावर बसल्या. राग हा शब्द त्यांना पटलेला दिसला नाही.

“आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं. धुराडं नाही. धूर छपरातून वाट काढेल तेव्हा काढेल. आई पहाटे चारला चूल पेटवायची. नागलीच्या भाकरी, मग भात, मग पुन्हा संध्याकाळी. पावसात ओली लाकडं. फुंकणी घेऊन ती चुलीत तोंड घालून बसायची आणि आम्ही पोरं तिच्या मांडीशी, कारण ऊब तिथेच. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. आज डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्याची आहेत. रात्री बसून झोपते. तुम्ही म्हणालात ना, श्वासाचे स्नायू. तिचे मला मोजता येतात, बरगडीन् बरगडी.”

मी झाकण खाली ठेवलं.

“उज्ज्वलाची टाकी आली, २०१६ नंतर. मी स्वतः घरोघर फॉर्म भरून घेतले. टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून निम्म्या घरांत ती कोपऱ्यात उभी आहे आणि शेजारी चूल चालू आहे. माझ्या घरात मी चूल बंद केली. आई रुसली, भाकरीला चव नाही म्हणाली. तरी बंद केली. आणि तुम्ही, सर, गॅस असलेला माणूस, मुद्दाम धूर करून बसलाय.”

यावर मी जे बोललो ते थोडं घाईचं होतं. मी म्हणालो की तुमचा धूर बंद घरातला, माझा मोकळ्यावर. तुमचा रोजचा, माझा वर्षातून दोनदा. शिवाय चुलीवर तुम्हीही मासे धुरवतच होतात की.

“होतो ना,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. “वलगणीचे मासे. पहिला मोठा पाऊस झाला की मासे ओहोळातून उलटे वर चढतात, शेतापर्यंत येतात. रात्री कंदील घेऊन जायचं, टोपल्याने धरायचे. एका रात्रीत इतके की खाऊन संपत नाहीत. मग चुलीवरच्या माळ्यावर पसरायचे. खाली रोजचा स्वयंपाक, वर मासे सुकतात. त्याच माळ्याला मक्याची कणसं टांगलेली, बियाण्याची. धुराने त्यांना कीड लागत नाही. मासे काळे, कडक, हातात वाजतात. पुढे श्रावणात, सगळ्या वाटा बंद असताना, त्यातले चार कुटून आमटीत घातले की जेवण झालं.” त्यांनी पिंपाकडे हात केला. “हे तुमचं किती दिवस टिकेल?”

“फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.”

“आणि बाहेर?”

“बाहेर नाही टिकणार. आजच खायचं.”

“मग धूर कशाला?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी वसईत, मुंबईत, मित्रांच्या गच्चीवर या बरगड्या केल्या आहेत. लोकांनी मसाला विचारला, लाकूड विचारलं, पिंपाची किंमत विचारली. धूर कशाला, हे कुणी विचारलं नाही, कारण धूर म्हणजे चव असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. मांस टिकवायचं तर भरपूर मीठ लागतं, दिवसेंदिवसाची सौम्य धग लागते, मांसातलं पाणी जावं लागतं. नागालँडमध्ये डुकराचं मांस चुलीवर आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात, ते टिकतं. माझ्या सहा तासांत मांस उलट रसाळ राहावं म्हणून मी पाण्याचं पातेलं ठेवतो. धुराचं मूळ काम मी काढून टाकलं होतं आणि वास तेवढा ठेवला होता.

“चवीसाठी,” मी म्हणालो. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

आणि मग चवीची बाजू मी मनापासून मांडली, कारण ती मला खरोखर मोलाची वाटते. बार्बेक्यू हा शब्दच मुळात कॅरिबियन बेटांवरच्या आदिवासींचा. काठ्यांचा उंच माळा, त्यावर मांस किंवा मासे, खाली मंद आग. बाईंच्या आईच्या माळ्यासारखाच तो माळा. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी रात्र रात्र खड्ड्यांवर मांस राखत ही विद्या वाढवली. जनावराचे चांगले तुकडे मालकाच्या ताटात गेले, हाडांचे आणि चिवट ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी ते मऊ कसे करायचे ते शोधून काढलं. म्हणजे ही गरिबांच्या हातची चव आहे. आणि जव्हार-मोखाड्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला कुपोषण सोडून दुसरं काही सुचत नाही, याचा मला त्रास होतो. इथल्या जेवणाबद्दल चवीने बोलायला कुणी तयार नाही. जसं काही भुकेल्या माणसाला जीभ नसते.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.

“१९९२ साली मी नवीनच लागले होते,” त्या म्हणाल्या. “त्याच वर्षी वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली. आमच्याच जव्हार तालुक्यात. त्यानंतर मंत्री आले, गाड्या आल्या, वजनकाटे आले. लोक कुपोषण म्हणतात त्याचं मला वाईट वाटत नाही, सर. ते झालं होतं. अजून संपलेलं नाही. मी दर महिन्याला वजनं घेते, मला माहीत आहे. अमृत आहार योजनेची अंडी आली २०१५ नंतर, त्याने फरक पडला, तोही मी काट्यावर पाहिला. पण दिवाळी झाली की निम्मी घरं बंद. वीटभट्टीवर. कुठे? भिवंडीला, तुमच्या वसईला. तिथे त्या मुलांना कोण अंडं देतं?”

“आणि जीभ नसते असं मी कधी म्हणाले? शेवळं कधी निघतात, कुठल्या बांधाला निघतात, त्यात काकडं किती घालायची म्हणजे घसा खाजणार नाही, हे आईला पाठ आहे. कडूकंद माहीत आहे ना तुम्हाला? कापायचा, उकडायचा, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा त्याचा कडूपणा जातो. सहा तासांचं कौतुक तुम्ही आम्हाला सांगता? चव होती. चवीला वेळही होता. फक्त ती आम्ही आवडीने निवडली नव्हती. आता नागलीचंच बघा. २०२३ ला भरडधान्यांचं वर्ष झालं, मोठी माणसं नागलीची बिस्किटं खायला लागली. चांगलं झालं. आमच्या पोरांना मात्र दुकानातला पांढरा तांदूळ लागतो.”

मी कोळसा घालायला उठलो.

“हा कोळसा कुठला?”

“मनोरच्या दुकानातला. तीन किलो लागतो एका वेळेला.”

“दुकानातला हो. पण पाडला कुणी? कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं राबायची, पोराबाळांसकट, उचल घेऊन, वर्षानुवर्षं. तीन किलो म्हणजे केवढं लाकूड, ते डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईला विचारा.”

मी तो कोळसा परत पिशवीत ठेवला नाही. आच पडू दिली असती तर सकाळपासूनचं सगळं वाया गेलं असतं. घातला. पण लाकूड शाळेच्या आवारातल्या वादळात पडलेल्या आंब्याचं आहे हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना माझं मलाच कळलं की मी हिशेब द्यायला लागलो आहे.

साडेअकराला त्या घरी जाऊन आल्या. येताना हातात कागदाची पुडी होती आणि तोंडात वेगळाच विषय, आरोग्याचा.

“डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतात. फेब्रुवारीत जंताच्या गोळ्या वाटते मी, मुलांना आधी हेच सांगते.”

इथे मला बोलता आलं. अर्धकच्च्या पोर्कमधून पट्टकृमी होतो हे खरं. पण मेंदूत गाठी होऊन झटके येतात ते मांसातून नाही, तो कृमी ज्याच्या पोटात आहे त्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. ती अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून जातात, म्हणून कधीही पोर्क न खाल्लेल्या माणसालाही तो आजार होतो. उपाय संडास, स्वच्छ हात आणि बांधून, निगेने पाळलेली डुकरं. राहिलं शिजवणं. अमेरिकेत डुकराच्या अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश पुरेसे मानतात आणि मी नव्वदीच्या पुढे नेतो.

“हे नीट सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “उलटं समजून बसले होते मी थोडं.”

म्हणून मीही एक गोष्ट लपवली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरवलं, आणि त्या प्रक्रियेत धुरवणंही धरलं आहे. वर्षातून दोनदा खाणाऱ्याने त्याची किती भीती बाळगावी हे ज्याने त्याने ठरवावं. मी बाळगत नाही.

एव्हाना मांसातला काटा ६८ वर येऊन थांबला होता. तासभर हललाच नाही. नवशिका इथे हमखास घाबरतो आणि कोळसा वाढवतो. मांसाच्या अंगावरून पाणी उडत असतं आणि ते उडताना मांस गार ठेवतं, उन्हाळ्यात माठ स्वतःला गार ठेवतो तसं. जितकी धग आत जाते तितकी वाफेवर खर्च होते. थांबायचं, नाहीतर गुंडाळायचं. मी वसईहून केळीची पानं आणली होती, ती विस्तवावर शेकून मऊ केली, फळ्या त्यात गुंडाळल्या, वरून फॉइल. पान आणि मसाल्याचा एकत्र वास सुटला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा नाकावरचा पदर काढला.

“वर लावायला काय करता?”

“गूळ, चिंच, सिरका, मिरची. आटवून.”

त्यांनी पुडी उघडली. वाळलेली मोहाची फुलं, चैत्रात वेचलेली, मनुकांसारखी आकसलेली. “गुळाऐवजी हे उकळा. आई करायची. गूळ विकत आणावा लागतो.”

ती फुलं धुतली, उकळली, गाळली, आणि गाळलेलं पाणी पातेल्यात आटवत ठेवलं. गॅसवर. तासाभरात काळसर, घट्ट पाक झाला. गोड तर होताच, पण त्या गोडाच्या मागे काहीतरी आंबूस, रानातलं होतं, जे गुळाला कधी येत नाही. मी त्यात सिरका आणि मीठ घातलं. मावसभावाच्या सगळ्या सॉसपेक्षा तो मला सरस वाटला, आणि हे मी त्याला कळवलंही आहे.

शेवटचा तास पानं काढून, पाक लावून, पुन्हा जाळीवर. सव्वादोनला फळी चिमट्याने मधोमध उचलली, ती वाकली आणि वरच्या थराला भेग गेली. झालं. बाहेरून काळी, चकचकीत, खरखरीत पापडी. सुरी घातली की खाली गुलाबी कड. तो गुलाबी रंग कच्चेपणाचा नसतो. धुरातला वायू मांसाच्या रंगाला धरून ठेवतो आणि शिजूनही तो जात नाही. ती कड आणि ती पापडी, दोन्ही नीट जमणं म्हणजे या सगळ्या खटाटोपाची परीक्षा. इतकी चांगली मला पूर्वी जमली नव्हती. सकाळी राख सारली नसती तर जमली नसती.

बाईंनी एक हाड घेतलं, मांस दातांनी ओढलं. हाड स्वच्छ निघालं. सावकाश चावून त्या म्हणाल्या, “माळ्यावरच्या माशासारखं लागतं. वरचं.” आणि थोड्या वेळाने, “आईला आवडलं असतं पूर्वी.”

“घेऊन जा ना त्यांना.”

“दात नाहीत तिला.”

“दात लागणारच नाहीत. बोटाने सुटतंय बघा.”

त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. दुसरं हाड दाबून पाहिलं. मग कुंपणाशी असलेल्या पळसाची दोन पानं तोडून आणली आणि माझ्यासमोर धरली.

“मग हे वरचं काळं तेवढं काढून द्या, सर. धुराचा वास आला की तिचा खोकला सुरू होतो, रात्रभर थांबत नाही.”

मी सुरी घेतली. फळीतल्या मधल्या, सगळ्यांत चांगल्या चार बरगड्या वेगळ्या केल्या आणि पापडी सोलायला लागलो. ती सहज सुटत नव्हती, खाली गुलाबी कडही होती, तीही खरवडली. आतलं फिकट, मऊ मांस हाडावरून ओघळून पानावर जमा झालं. बाईंनी वास घेतला, मान हलवली, अजून एक कड दाखवली. तीही काढली. मग त्यांनी पातेल्यातला मोहाचा पाक चमचाभर वर सोडला, पान दुमडून काडी टोचली आणि निघाल्या.

त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा वारा पुन्हा त्यांच्या ओट्याकडेच वाहत होता. मी पिंपाच्या खालचं भोक बंद केलं, मग वरचं.